पावसाबरोबर खतही ओढ्याला



बारामती-इंदापूर हा कमी पावसाचा मुलूख. तेव्हा 'आमच्याकडं कुठली आलीय धूप?' असं आपण म्हणतो. पण १४ ऑक्टोबर २०२० ची अतिवृष्टी आठवा. ताली फुटल्या, ओढे गढूळ वाहिले. ते गढूळ पाणी म्हणजे आपल्याच रानाचा वरचा थर होय. स्फुरद आणि सेंद्रिय कर्ब मुख्यतः याच थरात असतो. काळी जमीन भिजली की फुगते, भेगा मिटतात. मग पाणी मुरत नाही, वाहते. फोकलेला युरिया त्यात विरघळून नीरा-भीमेला जातो आणि खताची उधारी तेवढी आपल्या नावावर राहते. आम्हीही आजवर पोत्यांचाच हिशेब सांगत आलो, ओढ्याला गेलेल्या खताचा नाही.

खोडव्याचे पाचट पेटवू नये, सरीत पसरावे. थेंबांचा मार ते झेलते. खत पहारीने बुडख्यापासून १० ते १५ सें.मी. अंतरावर, तेवढ्याच खोल भोकात देऊन मातीने बुजवावे. आभाळ भरून आले असता युरियाचे पोते सोडू नये. सऱ्या उताराला आडव्या पाडाव्यात. ताली उन्हाळ्यातच दुरुस्त कराव्यात.

आम्ही गटात येऊच. पण माती अडविणे धन्याच्याच हाती आहे.