आधी तोडलं, मग जोडलं

1 जानेवारी 2004 रोजी दक्षिण आफ्रिकेतली नाताळ आणि डर्बन-वेस्टव्हिल ही विद्यापीठं विलीन होऊन क्वाझुलु-नाताळ विद्यापीठ जन्माला आलं. एकाच शहरात दोन विद्यापीठं मुळात झालीच कशी, हे पाहिल्याशिवाय या विलीनीकरणाचा अर्थ लागत नाही.

नाताळ युनिव्हर्सिटी कॉलेज 1910 मध्ये पीटरमारिट्झबर्गला निघालं. त्याचंच डर्बनच्या टेकडीवरचं हॉवर्ड कॉलेज 1931 चं. सॉमच्या लढाईत पडलेल्या मुलाच्या स्मरणार्थ बापाने दिलेल्या देणगीतून उभं राहिलेलं. पण तिथे शिकायची गोऱ्यांची मुलं. भारतीय आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी मेबल पामर बाईंनी 1936 पासून वेगळे वर्ग चालवले, तेही शहरातल्या शास्त्री कॉलेजात. कॉलेज एकच, बाकं निराळी! हे शास्त्री म्हणजे गोखल्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा वाहणारे श्रीनिवास शास्त्री. 1951 मध्ये सुरू झालेलं वैद्यकीय महाविद्यालयही फक्त गौरेतरांसाठी. वर्णभेदाविरुद्ध लढणारा स्टीव्ह बिको तिथलाच विद्यार्थी.

1959 च्या कायद्याने उरलीसुरली दारंही लावून घेतली. त्याचं नाव मात्र ‘विद्यापीठीय शिक्षण विस्तार कायदा’. सरकारी थट्टेला सीमा नसते. 1961 मध्ये भारतीयांचं वेगळं कॉलेज सुरू झालं ते डर्बन बंदरातल्या सॅलिसबरी बेटावर, नौदलाच्या जुन्या बराकींत. मुलं फेरीबोटीने वर्गाला जात. 1972 मध्ये हे बिऱ्हाड वेस्टव्हिलच्या टेकडीवर हललं.

वर्णभेद संपल्यावर शिक्षणमंत्री कादर अस्माल यांनी देशभर विलीनीकरणांचा धडाका लावला. ते नाताळातल्याच स्टँगरच्या भारतीय दुकानदाराचे चिरंजीव, त्यामुळे हा भूगोल त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. उच्चशिक्षणाच्या 36 सार्वजनिक संस्था 21 वर आणाव्यात, अशी तज्ज्ञगटाची शिफारस होती.

जोडणं तोडण्याइतकं सोपं नव्हतं. पहिले कुलगुरू मालेगापुरु माखोबा यांच्या काळात, 2006 मध्ये, कर्मचारी संपावर गेले. कारभार कंपनीसारखा चालतो, ही प्राध्यापकांची तक्रार पुढेही राहिली. मला त्यात तथ्य वाटतं. पण याच व्यवस्थापनाच्या काळात झालेला एक निर्णय धाडसी होता. झुलू न येणाऱ्या पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांना 2014 पासून ती भाषा शिकणं सक्तीचं झालं. प्रांतातल्या बहुसंख्यांची भाषा गोऱ्या आणि भारतीय घरांतल्या मुलांनी शिकायची! विरोध झालाच, पण नियम लागू झाला.