फोनच्या रकान्यात ‘अ‍ॅरे’: पीएचपीत साधं मूल्य कसं ओळखायचं

लखनौच्या जानकीपुरममधून पुन्हा एकदा बोलतोय. आज पीएचपीतलं एक छोटंसं फंक्शन घेऊ: इज_स्केलर. छोटं म्हणजे इतकं की शिकताना मी ते पान उलटून पुढे गेलो होतो. त्याचा भुर्दंड दुसऱ्यांना बसला, म्हणून आधी ती हकीकत.

फौजेतून निवृत्त झाल्यावर हौस म्हणून पीएचपी शिकलो आणि आमच्या सेक्टरमधल्या घरांची यादी वेबवर केली. नाव, घर नंबर, रक्तगट आणि अडीअडचणीला कुणाला फोन करायचा तो नंबर. इथे बऱ्याच घरांत म्हातारी माणसं एकटी राहतात. मुलं पुण्याला, नोएडाला, नाहीतर परदेशात. यादी छापून घरोघरी दिली. पुढे कुणीतरी म्हणालं, एका नंबरवर भागत नाही, दोन घ्या. मी फॉर्ममध्ये फोनची दुसरी चौकट टाकली आणि दोन्ही चौकटींच्या नावापुढे चौकोनी कंस लावले. असे कंस लावले की पीएचपी दोन्ही उत्तरं एकाच अ‍ॅरेत भरून हातात देते. नोंद लिहिणारा कोड मात्र मी जुनाच ठेवला. तो फोनचं व्हेरिएबल उचलायचा आणि ओळीच्या मजकुराला जोडून टाकायचा.

अ‍ॅरे मजकुराला जोडायला गेलात तर पीएचपी थांबत नाही. आतले नंबर सोडून देते आणि त्या जागी इंग्रजीत ‘अ‍ॅरे’ हा शब्द लिहिते. आठव्या आवृत्तीपासून यावर वॉर्निंग येते. माझ्याकडे तेव्हा सातवी होती, तिच्यात नुसती नोटीस यायची, आणि लोकांना पडद्यावर घाण दिसू नये म्हणून मी तीही बंद करून ठेवली होती.

एका थंडीतल्या रात्री मागच्या गल्लीतले एक आजोबा न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांनी यादी काढली, तर फोनच्या रकान्यात ‘अ‍ॅरे’. मुलाला निरोप पोचेपर्यंत सकाळ झाली. आजोबा सावरले, पण त्या घरच्यांना तोंड दाखवणं मला जड गेलं. फॉर्म बदलल्यानंतर नोंदवलेल्या सगळ्या घरांची तीच गत होती. डेटाबेसमध्येही तो शब्दच साठला होता, म्हणजे नंबर परत मिळायची सोय नाही. वही घेऊन दारोदार फिरलो.

आता फंक्शनकडे वळू. भौतिकशास्त्रात आपण अदिश राशी शिकलो, तोच हा स्केलर. पीएचपीत स्केलर चारच: पूर्णांक, दशांश संख्या, स्ट्रिंग आणि खरं-खोटं सांगणारा बूलियन. व्हेरिएबलमध्ये यांपैकी काही असेल तर इज_स्केलर ‘ट्रू’ म्हणतं. अ‍ॅरे, ऑब्जेक्ट, उघडलेल्या फाइलसारखा रिसोर्स किंवा नल असेल तर ‘फॉल्स’. फौजी स्टोअरमध्ये पेटी आली की उघडून मोजल्याशिवाय खात्यावर चढवत नाहीत. हे फंक्शन एवढंच सांगतं, की आलेली चीज सुटी आहे की पेटी. (व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवलं तरी पीएचपीला चालतं, डॉलरचं चिन्ह आणि पुढे ‘फोन’. मी तसंच ठेवतो.)

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं नल. चूक सुधारायच्या उत्साहात मी छापण्याच्या कोडमध्येही ही तपासणी लावली, आणि दुसरा नंबर न दिलेली घरं यादीतून गायब! फॉर्ममधली रिकामी चौकट रिकामी स्ट्रिंग म्हणून येते, ती स्केलर आहे. डेटाबेसचा रिकामा रकाना नल म्हणून येतो, तो स्केलर नाही. दुसरं, ‘फॉल्स’ हेही स्केलरच; ते छापलं की काहीच उमटत नाही. तेव्हा साधं मूल्य म्हणजे उपयोगाचं मूल्य असं समजू नका. नंबर दहा आकडी आहे का, ते वेगळं बघावं लागतं.

आणि कंस फक्त आपणच लावतो असं नाही. पत्त्याच्या ओळीत नावापुढे कंस टाकून कुणीही तुमच्याकडे अ‍ॅरे पाठवू शकतो. जुन्या आवृत्त्यांत पासवर्ड स्ट्रकंप या फंक्शनने ताडून बघणारे बरेच होते. त्याला अ‍ॅरे दिला की ते नल परत करायचं, आणि दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासलं तर नल आणि शून्य सारखेच ठरतात. शून्य म्हणजे जुळलं. पासवर्ड न कळता दार उघडं! आठव्या आवृत्तीत तिथे थेट एरर येते, पण जुने सर्व्हर अजून चालू आहेत.

२०१५ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून फंक्शनच्या कंसातच ‘इथे स्ट्रिंगच हवी’ असं लिहिता येतं. मग अ‍ॅरे दारातच अडतो. नवीन कोडमध्ये मी तेच करतो. फॉर्ममधून आलेल्या मालाला मात्र इज_स्केलरच लावतो: फोन अ‍ॅरे असेल तर उघडायचा, आतला एकेक नंबर पुन्हा इज_स्केलरमधून काढायचा, कारण पेटीत पेटी असू शकते, आणि एकही नापास झाला तर फॉर्म लाल अक्षरांत परत पाठवायचा. तो कोड आता स्क्रीनवर, म्हणजे पुस्तकात पुढच्या पानावर, टाकतोय.