चौकाबारा: आजी आणि नातवंडांचा सामना

सुट्टीत घरच्या सगळ्यांनी मिळून खेळायला काय निवडावे? बुद्धिबळात बहुधा जाणता जिंकतो, लगोरीत धावणारा. एकात लहानगा कंटाळतो, दुसऱ्यात आजी प्रेक्षक होते. ज्यात वयाचा फायदा कोणालाच नाही, असा खेळ हवा. बेळगाव-निपाणीकडे मराठी आणि कन्नड घरांत खेळला जाणारा चौकाबारा या कसोटीला उतरतो. खडूने पाच बाय पाचची 25 घरे आखायची, चार कवड्या किंवा फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार फाका घ्यायच्या, की झाले. कवडीच्या दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले, तर 16 शक्यतांपैकी 6 वेळा दोन पडतात. चार आणि आठ प्रत्येकी एकदाच. म्हणूनच ही दाने पडली की पुन्हा खेळायची मुभा.

मग हा नुसता नशिबाचाच खेळ, असा आक्षेप येतो. दान नशिबाचे खरे, पण चार सोंगट्यांपैकी कोणती हलवायची, समोरचीला मारायचे की आपली फुलीच्या घरात सुरक्षित ठेवायची, हे डोक्याचे काम. मोबाइलवरचा लुडोही चौकाबाऱ्यासारखाच पचिसी या खेळाच्या कुळातला. पण तिथे बेरीज यंत्र करते, भांडायलाही जागा ठेवत नाही. घरोघरी नियम मात्र वेगळे: काही ठिकाणी एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. तेव्हा पहिले दान टाकण्याआधी नियम ठरवून घ्या, आणि अगदी लहान मूल असेल तर ही अट सोडून द्या.