गुप्तरोग : लाज सोडा, माहिती घ्या

१९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडणारे पी. जे. रोहम हे तर आपल्याच नगर जिल्ह्याचे आमदार. हा वारसा सांगणारे आपण आजही या विषयावर कुजबुजतोच.

राहुरीचे कृषी विद्यापीठ असो की नगर, संगमनेर, लोणीची महाविद्यालये, गावाकडून आलेली आपली मुले-मुली वसतिगृहात राहतात. एड्सचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण गुप्तरोग म्हणजे फक्त एड्स नव्हे.

सिफिलिस, गनोरिया, क्लॅमायडिया हे जिवाणूंमुळे होतात आणि योग्य औषधांनी बरे होतात. अडचण अशी की अनेकदा, विशेषतः स्त्रियांमध्ये, लक्षणेच दिसत नाहीत. उपचार न झाल्यास वंध्यत्व येऊ शकते. उपचार दोन्ही जोडीदारांनी घ्यायचे असतात, नाहीतर लागण पुन्हा होते. हिपॅटायटिस बी आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणारा एचपीव्ही यांवर लस आहे. एचआयव्ही पूर्ण बरा होत नाही, पण नियमित एआरटी औषधांनी ताब्यात राहतो. ही औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

निरोध धोका पुष्कळ कमी करतो. गर्भनिरोधक गोळ्या मात्र रोगापासून वाचवत नाहीत. धोका घडला असेल तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय गाठावे. एचआयव्ही रोखणारी औषधे तेवढ्याच वेळेत सुरू करता येतात.

जिल्हा रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते आणि बाधित व्यक्तीशी शिक्षणात वा नोकरीत भेदभाव करता येत नाही. १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.

आमचे कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे: जयंतीच्या कार्यक्रमात एक तास डॉक्टरांना द्या. मुलींनाही प्रश्न विचारू द्या. बहिष्काराचे दुःख आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. आजारी माणसाला तरी ते आपल्या हातून मिळू नये.