जनुकाची कात्री आणि रोजची गोळी

गेल्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका आईने आम्हाला दारातच थांबवले. हातात मोबाईल, त्यावर एक व्हिडिओ. "सिस्टर, आता तं सिकलसेल मुळातून बरा होते म्हणते. मंग पोरीले रोज गोळी काहाले द्याची?" मुलगी नऊ वर्षांची, एसएस पॅटर्नची. आईने दीड महिन्यापासून हायड्रॉक्सियुरियाची गोळी बंद केली होती. त्यात एक माणूस 'स्टेम सेल'च्या नावाखाली नोंदणीचे पैसे मागत होता, आणि ती कानातले मोडायला निघाली होती.

आम्ही रागावलो नाही. व्हिडिओतली बातमी खरी होती. पण ती बातमी आणि आपला दवाखाना यांच्यात किती अंतर आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांमध्ये हा आजार बराच आहे. म्हणून ते अंतर आज सगळ्यांसाठीच मोजू या.

एका मण्याची चूक

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहून त्याची नोंद छापली. या पेशी अशा का होतात, ते कळायला पुढची चाळीसेक वर्षे गेली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दोष रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येच आहे. हिमोग्लोबिन म्हणजे मण्यांची माळ धरा. तिच्या एका साखळीतला सहावा मणी बदललेला असतो. एवढ्याने लाल पेशी कडक होते, विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. अडकली की कळा येतात.

तान्ह्या बाळाला मात्र पहिले काही महिने त्रास होत नाही. पोटातले बाळ वेगळे हिमोग्लोबिन वापरते, त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणतात. ते असेपर्यंत पेशी वाकत नाहीत. नंतर शरीर ते बनवणे जवळपास बंद करते आणि दुखणे सुरू होते. आजचे औषधही आणि उद्याचे औषधही याच एका गोष्टीवर उभे आहे.

कात्री काय करते

गर्भ-हिमोग्लोबिन बंद करणारे एक बटण आपल्या जनुकांत आहे. त्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा हात आहे, हे २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. २०१२ मध्ये इमॅन्युएल शार्पेंटिये आणि जेनिफर डाउडना यांनी क्रिस्पर ही जनुक नेमके कापणारी कात्री दाखवली. २०२० चे नोबेल त्यासाठीच मिळाले. या दोन शोधांतून उपचार तयार झाला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत ते बटण कापायचे आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर २०२३ मध्ये त्याला मान्यता दिली. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी ज्यांची पुरेशी तपासणी झाली होती अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना किमान सलग वर्षभर जोराची कळ आली नव्हती.

आता दुसरी बाजू ऐका. तेव्हाची मान्यता बारा वर्षे आणि त्यावरच्यांना होती. पेशी परत सोडण्याआधी कडक केमोथेरपी द्यावी लागते, कित्येक आठवडे दवाखान्यात राहावे लागते, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी, २०२३ मध्ये, किंमत २२ लाख डॉलर होती, म्हणजे तेव्हाचे १८ कोटी रुपयांच्या आसपास. आपल्या देशात दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःची कात्री तयार केली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती 'बिरसा १०१' या नावाने जाहीर झाली. पण तो उपचार अजून दवाखान्यात मिळत नाही. म्हणून त्याच्या नावाने कोणी आगाऊ नोंदणीचे पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.

मान्यता मिळाली म्हणजे सगळे संपले, असेही नसते. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली व्हॉक्सेलोटर ही सिकलसेलची गोळी कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जगभरातून मागे घेतली, कारण चाचण्यांमध्ये मृत्यूंचे प्रमाण जास्त दिसले.

गोळी जुनी, पण खरी

हायड्रॉक्सियुरिया हे साधे, स्वस्त रसायन आहे. तेही गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते. कात्री जे काम कायमचे करते, तेच गोळी रोज थोडे थोडे करते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत प्रौढ रुग्णांच्या कळा जवळपास निम्म्याने कमी झाल्या. गोळी बंद केली की हा फायदाही हळूहळू ओसरतो. गोळी चालू असताना ठरलेल्या वेळी रक्त तपासून घ्यावे लागते. दिवस राहिले असतील किंवा राहावेत असे वाटत असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे.

मेंदूकडे लक्ष असू द्या

आम्ही वॉर्डात होतो तेव्हा सिकलसेल म्हटले की हातपाय दुखणे एवढेच घरच्यांना माहीत असायचे. पण वाकडी पेशी मेंदूच्या वाहिनीतही अडकते. अमेरिकेतल्या जुन्या नोंदींप्रमाणे, तपासणी आणि उपचार नसताना दर १०० एसएस रुग्णांपैकी सुमारे ११ जणांना विसाव्या वर्षाच्या आत पक्षाघाताचा झटका येत असे. त्याहून जास्त मुलांच्या मेंदूत छोट्या जखमा होतात. त्यांत तोंड वाकडे होत नाही, हात लुळा पडत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, सांगितलेले विसरते, आणि आपण म्हणतो की पोरगं ढ आहे.

हा धोका आधी कळू शकतो. कपाळाच्या बाजूला यंत्र टेकवून मेंदूच्या वाहिनीतला रक्ताचा वेग मोजतात. त्याला डॉप्लर म्हणतात. सुई नाही, दुखत नाही. १९९८ मध्ये वेग जास्त असलेल्या १३० मुलांवर झालेल्या चाचणीत, नियमित रक्त चढवलेल्या गटात एकाच मुलाला झटका आला, दुसऱ्या गटात ११ मुलांना आला. एसएस मुलाची ही तपासणी दोन ते सोळा वर्षांपर्यंत दरवर्षी व्हायला हवी.

कागदाची पट्टी

आपल्याकडे शिबिरात सोल्युबिलिटी चाचणी होते. तिच्यात रक्तात सिकल आहे एवढे कळते. वाहक की रुग्ण, ते कळत नाही, आणि तान्ह्या बाळात ती फसते. आता गर्भ तपासायच्या पट्टीसारखी पट्टी आली आहे. ती नायट्रोसेल्युलोजची असते. जुन्या सिनेमाच्या रिळाचे हेच द्रव्य. त्यावर वेगवेगळे हिमोग्लोबिन ओळखणारी प्रथिने बसवतात. रक्ताचा एक थेंब पुरतो, दहा-पंधरा मिनिटांत उत्तर मिळते, आणि काही पट्ट्या नवजात बाळातही चालतात. पक्के निदान मात्र पुढे प्रयोगशाळेतच करून घ्यावे.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. त्यात आपले नाव आले का, ते आशाताईला विचारा.

घरात लावून ठेवा

- ताप १०१ च्या वर गेला, तर एसएस मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नका.
- तोंड वाकडे, बोलणे अडखळते, एका बाजूची ताकद गेली, तर लगेच १०८ ला फोन करा.
- गोळी, फॉलिक अ‍ॅसिड, लसी आणि भरपूर पाणी चुकवू नका.
- आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरवताना दोन्हीकडचा पॅटर्न विचारा. त्यात लाज नाही, आणि दोष आईचा एकटीचा तर मुळीच नाही.
- सिकलसेल आजार २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

त्या मुलीची गोळी पुन्हा सुरू झाली. कानातले वाचले. डॉप्लरसाठी दोन चकरा झाल्या, पहिल्या वेळी मशीन होते पण तपासणारे डॉक्टर नव्हते. आम्ही बायकांनी मिळून लेखी अर्ज दिला की या मुलांसाठी आठवड्यातला एक वार ठरवून द्या. तुमच्या भागातही असा अर्ज द्या. मुलीचा वेग ठीक निघाला. धाकट्या भावाचे रक्त तपासले, तो वाहक आहे.

निघताना आईने विचारले, "मंग ते कात्री आपल्याले केव्हा भेटन?" आम्ही तारीख सांगितली नाही. एवढेच म्हणालो, "ती येईल तेव्हा पोरीचा मेंदू, हाडे, किडनी शाबूत असायला हवी. तोवर गोळी." तिने मान हलवली आणि ताकावरून गोळ्यांची डबी काढून मुलीच्या हातात दिली.