रशियातील समनाम गावे आणि त्यांची साक्ष

रशियाच्या प्राचीन बखरी वाचणाऱ्या अभ्यासकापुढे आरंभीच एक अडचण उभी राहते. बाराव्या-तेराव्या शतकांतील वृत्तांतात ‘पेरेयास्लाव्ल’ असे नाव आले, की ते कोणते पेरेयास्लाव्ल हे प्रथम ठरवावे लागते. कारण या नावाची तीन नगरे होती. एक कीव्हच्या दक्षिणेस, आजच्या युक्रेनमध्ये. दुसरे आजच्या मॉस्कोच्या ईशान्येस, प्लेश्चेयेवो सरोवराच्या काठी. तिसरे ओका नदीच्या खोऱ्यात, र्‍याझान प्रदेशात. याहून नवलाची गोष्ट अशी, की या तिन्ही नगरांजवळच्या नदीचे नावही एकच आहे : त्रुबेझ.

नावे सारखी असली म्हणजे ती ठेवणारी माणसेही एकच असली पाहिजेत, असे अनुमान सहज केले जाते. रशिया व युक्रेन यांच्या इतिहासविषयक वादात या अनुमानाचा आधार दीडशे वर्षांहून अधिक काळ घेतला गेला आहे. तथापि रशियातील समनाम वस्त्यांची छाननी केली असता असे दिसते, की नामसादृश्याची कारणे निरनिराळी असतात आणि त्यांपैकी फारच थोडी लोकांच्या स्थलांतराची साक्ष देतात. म्हणून सादृश्याचे कारण निश्चित केल्यावाचून त्यावरून इतिहास रचणे धोक्याचे ठरते.

१. स्वतंत्रपणे घडलेली सारखी नावे

सर्वांत मोठा वर्ग सामान्य अर्थाच्या नावांचा आहे. बर्च वृक्षावरून ‘बेर्‍योझोव्का’, पाइन वृक्षावरून ‘सोस्नोव्का’, दगडावरून ‘कामेन्का’ अशी नावे धारण करणारी शेकडो खेडी रशियात आहेत. महाराष्ट्रात वडगाव आणि पिंपळगाव ठिकठिकाणी आढळतात, त्याच न्यायाने ही खेडी घडली. वृक्ष सर्वत्र, भाषा एक, प्रत्यय एक. मग नाव एकच निघाले यात आश्चर्य नाही. अशा दोन गावांचा परस्परांशी संबंध मानण्याचे कारण नाही.

‘नोवगोरोद’ हे नावही मुळात याच जातीचे आहे. त्यातील ‘नोव’ हा शब्द संस्कृत ‘नव’ शब्दाचा सगोत्र असून ‘गोरोद’ म्हणजे तटबंदीचे नगर. वोल्खोव्ह नदीवरील प्राचीन नोवगोरोद, ओका व वोल्गा यांच्या संगमावर १२२१ मध्ये राजपुत्र यूरी व्सेवोलोदोविच याने वसविलेले निझ्नी नोवगोरोद आणि आज युक्रेनमध्ये असलेले नोवगोरोद-सेवेर्स्की ही तीनही आपापल्या काळी नवी नगरे होती. एवढ्यावरून त्यांतील एकाचे रहिवासी दुसऱ्यात गेले असे म्हणता येत नाही.

दुसरा वर्ग धार्मिक नावांचा. रशियन भाषेत खेड्यासाठी दोन प्रमुख शब्द आहेत. क्रांतिपूर्व काळात ज्या खेड्यात चर्च असे ते ‘सेलो’, ज्यात नसे ते ‘देरेव्न्या’. चर्च उभे राहिले, की ते ज्या संताला किंवा सणाला अर्पण केलेले असेल त्याचे नाव पुष्कळदा खेड्याला मिळे. संत निकोलसवरून ‘निकोल्स्कोये’, पवित्र त्रयीवरून ‘त्रोइत्स्कोये’, कुमारी मेरीच्या कृपाछत्राच्या सणावरून ‘पोक्रोव्ह्स्कोये’. ही सारी नावे व्याकरणदृष्ट्या विशेषणे आहेत, आणि ‘सेलो’ हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे ती नपुंसकलिंगी रूपात आहेत. लोकप्रिय संत व सण मोजकेच असल्याने नावेही मोजकीच राहिली. बाश्कीर प्रदेशात १७५६ च्या सुमारास तांब्याच्या कारखान्याभोवती वसलेले ब्लागोवेश्चेन्स्क आणि अमूर नदीवर १८५८ मध्ये तेच नाव पावलेले ब्लागोवेश्चेन्स्क यांच्यामध्ये चार हजारांहून अधिक किलोमीटर अंतर आहे. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे देवदूताने मेरीला दिलेल्या शुभवार्तेचा सण. याखेरीज दुसरा नाही.

तिसरा वर्ग व्यक्तिनामांवरून बनलेल्या नावांचा. ‘इवानोव्का’, ‘मिखाइलोव्का’, ‘अलेक्सान्द्रोव्का’ ही नावे संस्थापक, जमीनदार, राजपुरुष किंवा संत यांपैकी कोणावरूनही पडू शकतात. रशियनांत वापरात असलेल्या बाप्तिस्म्याच्या नावांची संख्या मर्यादित असल्यामुळे येथेही पुनरावृत्ती अटळ होती.

२. स्मारकरूप नावे

नाव एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जाते, पण माणसे जात नाहीत, असेही घडते. याचे उत्तम उदाहरण रोस्तोवचे आहे. नेरो सरोवराकाठचे रोस्तोव रशियातील अतिप्राचीन नगरांपैकी एक असून बखरीत त्याचा उल्लेख ८६२ या वर्षाखाली येतो. त्याच्या दक्षिणेस सुमारे १,१०० किलोमीटरांवर दोन नदीकाठी दुसरे रोस्तोव आहे आणि ते पहिल्याच्या कितीतरी पट मोठे आहे. १७०२ पासून १७०९ पर्यंत जुन्या रोस्तोवच्या धर्मपीठावर दिमित्री नावाचे महाधर्माध्यक्ष होते. १७५७ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. १७६१ मध्ये दोन नदीच्या मुखाजवळ जो किल्ला बांधण्यास आरंभ झाला त्याला ‘संत दिमित्री रोस्तोव्स्की’ यांचे नाव देण्यात आले. पुढे किल्ल्याभोवती शहर वाढले आणि लांबलचक नावातून ‘रोस्तोव’ एवढेच उरले. हे दिमित्री स्वतः मूळचे कीव्ह परिसरातील होते. म्हणजे नावापुरती दोन्ही रोस्तोव एक असली, तरी एका रोस्तोवचे लोक दुसऱ्यात गेल्याचा पुरावा या नावात मुळीच नाही.

सोव्हिएत काळात स्मारकरूप नावांना पूर आला. १ डिसेंबर १९३४ रोजी लेनिनग्राद येथे सेर्गेई कीरोव यांची हत्या झाली. त्याच महिन्यात व्यात्का शहर ‘कीरोव’ झाले. कोला द्वीपकल्पावरील खिबिनोगोर्स्क ‘कीरोव्स्क’ झाले. १९३६ मध्ये कालूगाजवळील पेसोच्न्या हेही ‘कीरोव’ झाले, आणि १९५३ मध्ये लेनिनग्राद प्रांतात आणखी एक ‘कीरोव्स्क’ निर्माण झाले. एकच आडनाव अनेक ठिकाणी देताना घोटाळा टाळण्यासाठी प्रत्ययांची मदत घेतली गेली : उरलमध्ये ‘कीरोवग्राद’, अझरबैजानमध्ये ‘कीरोवाबाद’, आर्मेनियामध्ये ‘कीरोवाकान’. शेवटची दोन नावे सोव्हिएत सत्तेबरोबर गेली. रशियातील दोन्ही कीरोव मात्र राहिली आहेत.

३. भेदक पदे

समनाम वस्त्यांमुळे व्यवहारात होणारी अडचण रशियन भाषेने भेदक पदे जोडून दूर केली. महाराष्ट्रात फारसीतून आलेल्या ‘बुद्रुक’ व ‘खुर्द’ या पदांनी थोरले व धाकटे वडगाव वेगळे ओळखले जातात. रशियनमध्ये ‘बोल्शोये’ व ‘मालोये’ ही पदे हेच कार्य करतात. ‘वेर्ख्नी’ म्हणजे वरचा आणि ‘निझ्नी’ म्हणजे खालचा, ‘स्तारी’ म्हणजे जुना आणि ‘नोवी’ म्हणजे नवा, याही जोड्या विपुल आहेत.

मोठ्या शहरांच्या बाबतीत नदीचे किंवा प्रदेशाचे नाव जोडले जाते. ‘रोस्तोव-ना-दोनू’ म्हणजे दोन नदीवरील रोस्तोव. इवानोवो प्रांतातील कोम्सोमोल्स्कहून निराळे ते ‘कोम्सोमोल्स्क-ना-आमूरे’. उरलमधील ‘कामेन्स्क-उराल्स्की’ आणि दोन खोऱ्यातील खाणींच्या मुलखातले ‘कामेन्स्क-शाख्तिन्स्की’ ही जोडीही अशीच. खेड्यांत चर्चच्या नावाला जमीनदार घराण्याचे नाव जोडीत. कादंबरीकार तुर्गेनेव्ह यांची वडिलोपार्जित जागीर ‘स्पास्कोये-लुतोविनोवो’ हिच्या नावात पहिले पद तारणहार ख्रिस्ताच्या चर्चचे, तर दुसरे त्यांच्या आजोळच्या लुतोविनोव घराण्याचे आहे.

भेदक पद कधीकधी मूळ नावाहून अधिक माहिती देते. प्लेश्चेयेवो सरोवराकाठच्या नगराला ‘पेरेस्लाव्ल-झालेस्की’ म्हणतात. मूळ नावातील ‘या’ कालांतराने गळला. ‘झालेस्की’ म्हणजे अरण्यापलीकडील. हे विशेषण देणाऱ्याची दृष्टी दक्षिणेकडून उत्तरेकडे लागलेली होती, हे त्यावरून कळते. त्याचप्रमाणे कोस्त्रोमा प्रांतातील गालिचला ‘मेर्स्की’ असे विशेषण होते. ते तेथील ‘मेर्‍या’ या फिन्नो-उग्रिक जमातीच्या नावावरून आले आहे. ही जमात पुढे स्लाव समाजात विलीन झाली, पण तिचे नाव भेदक पदाने जपून ठेवले.

४. स्थलांतरित नावे आणि त्यांवरील वाद

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. दक्षिणेतील पेरेयास्लाव्लचा उल्लेख बखरीत ९०७ या वर्षाखाली प्रथम येतो. हे नाव ‘पेरेयास्लाव’ या व्यक्तिनामाला स्वामित्वदर्शक प्रत्यय लागून झालेले आहे. यारोस्लावपासून ‘यारोस्लाव्ल’ होते तसे. ९९२ खाली तीच बखर एका तरुणाने पेचेनेग मल्लाला लोळवून ‘कीर्ती हिरावून घेतली’ म्हणून नगराला हे नाव पडले अशी कथा सांगते. नगर तर बखरीतच त्यापूर्वी पंचाऐंशी वर्षे अस्तित्वात आहे. कथा ही लोकव्युत्पत्ती होय.

उत्तरेतील पेरेयास्लाव्ल ११५२ मध्ये यूरी दोल्गोरुकी याने वसविले. र्‍याझान प्रदेशातील पेरेयास्लाव्लचा इतिहास निराळ्या वळणाचा आहे. बातू खानाच्या सैन्याने १२३७ मध्ये मूळ र्‍याझान जाळून उद्ध्वस्त केले. पुढे राजधानी पेरेयास्लाव्लकडे गेली आणि १७७८ मध्ये या नगरालाच ‘र्‍याझान’ हे नाव देण्यात आले. आज र्‍याझान म्हणून ओळखले जाणारे शहर ते हेच. जुन्या र्‍याझानचे केवळ मातीचे तट उरले आहेत.

ही नावे एकेकटी नाहीत. आजच्या र्‍याझानमध्ये त्रुबेझबरोबर लिबेद नावाचा प्रवाह आहे, आणि लिबेद हा कीव्हमधील प्रवाह होय. क्ल्याझ्माकाठच्या व्लादिमिर नगरातही लिबेद आहे. व्होलिन प्रांतातील व्लादिमिर, दक्षिणेतील गालिच व झ्वेनिगोरोद यांचीही उत्तरेत प्रतिरूपे आहेत. अठराव्या शतकात तातीश्चेव्ह यांनी याची नोंद घेतली. १८५६ मध्ये पोगोदिन यांनी असे प्रतिपादन केले, की कीव्हचे मूळ रहिवासी हेच आजच्या रशियनांचे पूर्वज असून ते मंगोल आक्रमणानंतर उत्तरेस गेले, आणि युक्रेनियन लोक मागाहून कार्पेथियन प्रदेशातून आले. भाषाभ्यासक माक्सिमोविच यांनी त्यास विरोध केला. क्ल्युचेव्स्की यांनी आपल्या रशियन इतिहासावरील व्याख्यानांत नीपरकाठाहून ईशान्येकडे झालेल्या स्थलांतराचा पुरावा म्हणून हीच नावे पुढे केली. ह्रुशेव्स्की यांनी कीव्हचा वारसा ईशान्येकडे नेणारी ही सारी मांडणीच नाकारली. २०१४ नंतर आणि विशेषतः २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर हा वारसाहक्काचा प्रश्न पुन्हा राजकारणाच्या अग्रभागी आला.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या पुराव्याचे वजन पुढीलप्रमाणे ठरविता येते. गालिच किंवा व्लादिमिर यांसारख्या एकाकी नावाचे सादृश्य दुर्बळ आहे. ते योगायोगाने किंवा राजपुत्राच्या नावावरून संभवते. पेरेयास्लाव्ल, त्रुबेझ व लिबेद असा नावांचा पुंजका एकत्र आढळणे मात्र योगायोगाने संभवत नाही. ही नावे दक्षिणेतून आली यात शंका घेण्यास जागा नाही.

प्रश्न उरतो तो ती कोणी आणली याचा. नगराचे नाव राजपुत्र ठेवतो. यूरी दोल्गोरुकी आयुष्यभर कीव्हच्या गादीसाठी झगडला आणि ११५७ मध्ये कीव्ह येथेच मरण पावला. त्याच्या नव्या नगराचे नाव लोकांच्या आठवणीपेक्षा राजाची आकांक्षा अधिक व्यक्त करते. ओढ्याचे नाव पाणी भरणारे लोक ठेवतात. म्हणून लिबेद व त्रुबेझ ही नावे दक्षिणेकडील काही लोक प्रत्यक्ष येऊन राहिल्याचे सुचवितात. परंतु ते लोक शंभर होते की लाख, राजाचे सैनिक होते की शेतकरी, हे नाव सांगत नाही. उलट ओका व क्ल्याझ्मा या मोठ्या नद्यांनी आणि नेरो सरोवराने आपली जुनी, स्लावपूर्व मानली जाणारी नावे टिकविली. नवी नावे मिळाली ती नगरांना व लहान प्रवाहांना. येणारे लोक ओसाड भूमीत आले नव्हते. तेथे मेर्‍या होते, आणि वायव्येकडून आधीच आलेले स्लावही होते. त्यांच्याकडूनच मोठ्या नद्यांची नावे नवागतांनी घेतली.

तात्पर्य, स्थलांतरित नावांवरून दक्षिण व ईशान्य यांमधील संबंध सिद्ध होतो. संपूर्ण लोकसमूहाचे स्थानांतर सिद्ध होत नाही, आणि वारसाहक्क तर मुळीच नाही. समनाम स्थळांचा पुरावा वापरणाऱ्या अभ्यासकाने प्रथम नावाचा वर्ग ठरवावा, नंतर ते एकाकी आहे की पुंजक्यात आहे हे पाहावे, आणि शेवटी ते राजाने दिले की रहिवाशांनी, याचा विचार करावा. या तीन पायऱ्या ओलांडल्यावर जे शिल्लक राहील तेवढेच इतिहासाच्या पदरी घालणे योग्य होय.