दोन चिपा, एक रेडिएटर

ऑक्टोबर २०१३मध्ये एएमडीने ‘रेडिऑन आर९ २९०एक्स’ हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आणलं, तेव्हा वेगाइतकीच चर्चा झाली त्याच्या तापाची आणि गोंगाटाची. चिप ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापू द्यायची, असं कंपनीनेच ठरवलं होतं. एवढं करूनही कार्ड तापलं की क्लॉक, म्हणजे चिपचा कामाचा वेग, घसरायचाच. सहा महिन्यांनी, एप्रिल २०१४मध्ये, त्याच कंपनीने तशाच दोन चिपा एका कार्डावर बसवल्या. नाव ‘आर९ २९५एक्स२’, वीज ५०० वॉट, किंमत १,४९९ डॉलर.

वेडेपणाच वाटावा. पण हे कार्ड थंड राहण्यासाठी कारखान्यातूनच पाणी घेऊन आलं होतं.

तोवर ग्राफिक्स कार्डावर पाणी हा मुख्यतः हौशी मंडळींचा उद्योग होता. सुरुवातीच्या काळात तर मोटारीतल्या हीटरची जाळी आणि माशांच्या टाकीचा पंप जोडून लोक काम भागवत. इथे डेन्मार्कच्या एसेटेक कंपनीने दोन्ही चिपांवर पंपासह तांब्याचे ठोकळे बसवले आणि बंद नळ्यांतून पाणी १२० मिलिमीटरच्या एकाच रेडिएटरकडे नेलं. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेतं. त्यामुळे चिपांना ७५ अंशांची मर्यादा घालूनही १,०१८ मेगाहर्ट्झचा क्लॉक टिकला, आणि २९०एक्सच्या मानाने आवाजही कमी झाला.

खरी परीक्षा ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची. चिपला लागणारी वीज क्लॉकच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवले, तर वेग फार तर दहा टक्के मिळतो आणि उष्णता जवळपास ३३ टक्क्यांनी चढते. शिवाय चिप तापली की आतली वीजगळतीही वाढते. म्हणून थंड चिप त्याच वेगाला थोडी कमी वीज खाते; पाण्याचा हा फायदा सहसा कोणी मोजत नाही.

२९५एक्स२मध्ये मात्र वाढीला जागा तोकडीच होती. एका चिपवरून गरम झालेलं पाणी पुढे दुसरीकडे जाई. मेमरी आणि व्होल्टेज सांभाळणारे भाग तर कार्डावरच्या पंख्याच्या भरवशावर होते. ओव्हरक्लॉकिंगमध्ये त्या भागांवरचा भारही वाढतो, हे जाणणाऱ्यांनी मूळ व्यवस्था काढून टाकली आणि स्लोव्हेनियाच्या ईकेसारख्या कंपन्यांचा, अख्ख्या कार्डावर बसणारा ठोकळा लावला. सोबत मोठा रेडिएटर आलाच. या जोडकामात एक पथ्य कडक: तांब्याच्या ठोकळ्याला ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडायचा नाही. दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागतं.

आणि रेडिएटर कितीही मोठा घेतला, तरी पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल, तर २४ अंशांच्या वातानुकूलित खोलीच्या तुलनेत चिपही साधारण १६ अंशांनी वरच राहणार. ७५च्या मर्यादेत हे १६ अंश फार मोठे.

जून २०१५मध्ये एएमडीने एकाच चिपचं ‘फ्युरी एक्स’ आणलं, तेही पाण्यावरच. पहिल्या खेपेतल्या काही कार्डांविषयी लगेच तक्रारी आल्या: पंप बारीक, कर्कश आवाज करतो.